खंडेनवमीची पलटी

देवकी, टाकी चालू आहे. खालचा हीटर तापलेला, वरचं थंड पाणी फिरतंय, दोन्ही पेनं कागदावर आपापली रेघ ओढतायत. बंद करायला कुणाचा हात होत नाही. आपले प्रयोगशाळेचे शिपाई गावडेमामा दारातून डोकावतात, टाकीकडे बघतात आणि निघून जातात. काल मी आत गेले, कागद बघितला आणि मान न वळवताच म्हणाले, "डावी बाजू जरा उतरलेय गं." उत्तर आलं नाही. मी चिडले. ऐकू येत नाही का म्हणून वळले, तर स्टुलावर तुझी हिरवी शाल. एसीची थंडी बाधते म्हणून बारा महिने इथंच ठेवायचीस ती. मी तिथंच फरशीवर बसले. किती वेळ बसले माहीत नाही, मामांनी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला तेव्हा उठले.

असं कुणी जातं का गं? आजारी पडावं, दवाखान्यात न्यावं, आम्ही मोसंबी घेऊन भेटायला यावं, तू आमच्यावर वैतागावं, काहीतरी रीतभात असते ना! तुझं म्हणजे बुधवारी सकाळी आहे आणि बुधवारी सकाळीच नाही.

मी स्टाफरूममध्ये होते. मामा धावत वर आले. मामा धावत आले की एकच कारण असतं, म्हणून मी विचारलं, "लाइट गेली का?" ते म्हणाले, "म्हात्रेबाई गेल्या." मी म्हटलं, "गेल्या म्हणजे? अजून आल्यात कुठं? पहिलं लेक्चर आहे त्यांचं." मामांनी टोपी काढली आणि मला रागच आला. टोपी कशाला काढता, म्हणून मी त्यांच्या अंगावर ओरडले, देवकी. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

सानपाड्याला तुझ्या घरी पोचले तर ओट्यावर ही गर्दी. बायकांमधून वाट काढत आत गेले. तुला चटईवर ठेवलं होतं आणि तुझ्या कपाळावरची टिकली जरा तिरकी होती. रोज असायची तशीच. दाराशी म्हावरेवाली बसून होती, तिची पाटी तशीच उघडी, माश्या घोंगावतायत. येईल त्याला ती एकच सांगत होती. "वाट्यात अजून बोंबील घाल बोलली, नायतर नको तुजं म्हावरं बोलली. मी घातलं. पदराला हात पुसला आनि बाय खालीच बसली." मला आधी वाटलं, ही चेष्टा करतेय. शेवटचा श्वाससुद्धा घासाघीस करण्यात घालवलास, भवाने!

डोक्यातली शीर फुटली म्हणे. ना बीपी, ना शुगर. आपल्या कॉलेजचा जिना चढताना धापा मी टाकायचे आणि वरच्या पायरीवर उभी राहून हसायचीस तू. शीर फुटली म्हणजे नक्की काय झालं, हे मला तिघांनी समजावून सांगितलं. तिघांचंही ऐकलं आणि काहीही कळलं नाही. मी फिजिक्स शिकवते, मला नळी फुटते कशी ते कळतं. तू कशी फुटलीस ते कळत नाही.

आपण दोघी या कॉलेजात एकाच वर्षी लागलो. तू इथलीच, खाडीकाठची. तुझ्या वडिलांची भातशेती आणि मिठागर या नव्या शहरात गेलं. मी साताऱ्याची. आमचे अण्णा मार्केटात माथाडी, कांद्या-बटाट्याच्या गोण्या वाहून त्यांनी मला एमएस्सी केलं. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "वडील कुठं कामाला?" मी सांगितलं. म्हणालीस, "म्हंजे तुझ्या बापाच्या गोन्या आमच्या शेतात उतरतात. भाडं दे." मी म्हटलं, "आधी चहा पाज, मग बघू." त्यानंतर आपण एकमेकींना एक दिवस सुखानं राहू दिलं नाही.

वर्गात तू अगदी पुस्तकातलं, घोटून घोटून 'पाणी' म्हणायचीस. टाकीपाशी आलीस की 'पानी'. मी चिडवलं की म्हणायचीस, "वर्गातलं पानी फळ्यावर असतं. हे खरं हाय."

टाकीची आठवण काढायची तर आधी तांब्याचे पत्रे आठवतात. दोन जाड पत्रे, एक तळाला, एक वर. ते आले तेव्हा काळेकुट्ट होते. आपले विभागप्रमुख सर म्हणाले, पॉलिशला पाठवू. तू घरून चिंच आणि मीठ घेऊन आलीस. आपण दोघी कॉलेजच्या मागच्या नळावर पदर खोचून बसलो आणि सणाला पितळी भांडी घासतात तसे ते पत्रे घासले. पोरं वरच्या मजल्यावरून बघत होती. एकानं ओरडून विचारलं, "मॅडम, लग्न कुणाचं?" तू वर न बघता म्हणालीस, "तुझ्या मार्कांचं. ये, अक्षता टाक."

मग काचा आल्या, त्या गळल्या. गॅस्केट बदललं, तरी गळल्या. सायकलची ट्यूब कापून लावली, एम-सील फासलं, आणि एकदाची टाकी उभी राहिली, कमरेएवढी उंच आणि अरुंद. चारी बाजूंनी थर्माकोल, म्हणजे आतली उष्णता भिंतींतून पळू नये. बघायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, "आत काय आहे?" तू म्हणायचीस, "पानी." तो म्हणायचा, "आणि?" तू म्हणायचीस, "भरपूर झालं की!"

पण ज्याला खरंच ऐकायचं असेल त्याला तू किती छान सांगायचीस. भाताला आधण ठेवलं की काय होतं, बघितलंय का? तळाचं पाणी तापतं, हलकं होतं, वर धावतं. वरचं गार, जड, ते खाली येतं. इथं आपण तळ तापवतो आणि वरचा पत्रा थंड ठेवतो. थोडं तापवलं तर पाणी शिस्तीत फिरतं. खूप तापवलं की सगळा गोंधळ, नुसती खळबळ, कुठला थेंब कुठं जाईल काही सांगता येत नाही. आणि इथं तुझा आवाज खाली यायचा. "त्या खळबळीतून एक मोठं चक्र उभं राहतं. एका भिंतीनं पानी वर चढतं, समोरच्या भिंतीनं उतरतं. कुनी ढवळत नाय. आपलं आपन फिरतं." दोन्ही भिंतींना आपण तापमान मोजणारे मणी लावले होते. जी बाजू गरम, तिथून पाणी चढतंय. दोन मणी, दोन पेनं, दोन रेघा.

आपलं मुख्य काम वेगळंच होतं. तळाची उष्णता वाढवत न्यायची आणि ती वर किती पोचते ते मोजायचं. कष्टाचं काम, चोख काम, पण त्याचं कुणाला फार कौतुक नव्हतं. आपल्या दोघींचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. ते चक्र डावीकडून चढायचं की उजवीकडून, हे पाणी स्वतःच ठरवतं. आणि बाहेरच्या देशांतल्या लोकांनी लिहिलं होतं की कधीतरी, कुणी काही न करता, ते आपोआप थांबतं आणि उलटं फिरू लागतं. आपण त्याला पलटी म्हणायचो. आपल्या टाकीनं पलटी मारावी म्हणून आपण वाट बघत बसलो. रोज सकाळी आल्या आल्या कागद बघायचा. चक्र आपलं उजवीकडून वर, डावीकडून खाली, ढिम्म.

आणि आली खंडेनवमी.

दरवर्षी त्या दिवशी मामा प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं बंद करून पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. टाकी बंद करायला तू तयार नव्हतीस. बंद केली की पुन्हा जागेवर यायला कितीतरी दिवस गेले असते. मामा म्हणाले, "बाई, चालत्या मशीनची पूजा कुणी करत नाय." तू म्हणालीस, "मामा, चालत्या बैलाची करतात ना? करा. ती बी देवच हाय." मामांना पटलं. पण थर्माकोलला कुंकू लावायला ते तयार होईनात. यंत्राला लावायचं की त्याच्या खोक्याला? मग तूच म्हणालीस, काढा एका बाजूचं. मामांनी उजवीकडचा थर्माकोल काढला, काचेवर हळदकुंकवाची बोटं ओढली, माळ लावली, थर्माकोल परत बसवला. तू हात जोडलेस, मीही जोडले. पेढे खाल्ले आणि दसऱ्याची सुट्टी म्हणून घरी गेलो.

सुट्टीनंतर आलो, तर कागदावर दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडून गेलेल्या! उजवीची खाली, डावीची वर. पलटी! मी तर नाचलेच. तुझे दोन्ही हात धरून तुला फिरवायला लागले, आणि तू दगडासारखी उभी. तुझी नजर थर्माकोलवर. माळेचा दोरा मध्ये अडकला होता आणि कडेला फट राहिली होती. "हे धरायचं नाय, सुमन," म्हणालीस.

तिथून जे भांडण सुरू झालं ते मंगळवारी संध्याकाळपर्यंत. मी म्हणायचे, अगं, मामांनी थर्माकोल काढला सकाळी, पलटी झाली दुपार कलल्यावर. मधे एवढा वेळ गेला. तू म्हणायचीस, फट तर दुपारी पन व्हती. मी म्हणायचे, बोटभर फटीनं एवढी खळबळ उलटी होते होय? तू म्हणायचीस, गरम बाजूची काच गार पडली, गार बाजूचं पानी खालीच येनार, त्याला काय पलटी म्हनतात? मी म्हणायचे, रेघा बघ, हळूहळू नाही उतरल्या, एकदम उलटल्या. तू म्हणायचीस, पुन्हा एकदा उलटू दे, फट नसताना. मग बोलू. मी म्हणायचे, आणि नाही उलटली तर? तू म्हणायचीस, तर नाही. किती शांतपणे म्हणायचीस, माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मामांना मात्र एका शब्दानं बोलली नाहीस. एकदा ते स्वतःच रडवेले होऊन आले, माझ्यामुळं झालं का बाई? तू म्हणालीस, "मामा, काढा मी बोलले. तुमी फक्त कुंकू लावलंत." आणि मला बाजूला घेऊन म्हणालीस, माझ्या सांगण्यावरून थर्माकोल निघाला, म्हणून तर मला ती पलटी हक्कानं घेता येत नाही. हे मी विसरलेले नाही.

पलटी पुन्हा झाली नाही. हिवाळा गेला. संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि त्यांना एसी असलेली खोली हवी होती, म्हणजे आपली. सर म्हणाले, मोठ्या परिषदेला शोधनिबंध पाठवा, त्यात पलटी असेल तर मी विश्वस्तांना सांगू शकतो की अशी टाकी आपल्या भागात कुठं नाही, खोली काढून घेऊ नका. नुसत्या उष्णतेच्या मोजमापावर मात्र कुणी खोली सोडणार नाही. मी निबंध लिहायला घेतला. पलटीचं पान लिहिलं की तू खोडायचीस, मी पुन्हा लिहायचे.

मंगळवारी जिन्यात आपण सगळ्यांसमोर भांडलो. मी म्हटलं, "तुझ्या ह्या सोवळ्यापायी टाकी भंगारात जाणार आहे. त्यांचे कॉम्प्युटर आल्यावर त्यांनाच घाल थर्माकोल!" तू म्हणालीस, "जाऊ दे भंगारात. खोटं सांगून ठेवायची नाय." मी म्हटलं, "म्हणजे मी खोटारडी?" तू खाली उतरून गेलीस.

संध्याकाळी तुझा फोन आला. "जेवलीस?" "नाही." "रागावलीस?" "हो." मागे टीव्ही चालू. "मी एक ठरवलंय," म्हणालीस. मी म्हटलं, "काय?" तू हसलीस. "फोनवर नको. तू ओरडशील, माझा कान जाईल. उद्या सांगते." मी म्हटलं, "आत्ता सांग." तू ठेवलास फोन.

उद्या सांगते! कुठला उद्या, देवकी?

स्मशानावरून आले, आंघोळ केली, आणि ते वाक्य सुरू झालं. मी एक ठरवलंय. भाजी चिरताना, बसच्या रांगेत, पोराच्या शाळेच्या फाटकाशी. काय ठरवलं होतंस? मानलं होतंस का माझं? की खोली सोडून द्यायची, असं ठरवलं होतंस? तू मेली आहेस हे अजून डोक्यात शिरत नाही आणि मी मात्र तुझ्या अर्ध्या वाक्याचा अर्थ लावत बसलेय. वेड लागायची पाळी आली.

सरांनी परवा बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. माणूस चांगला आहे, तू उगीच त्यांना पुस्तकी म्हणायचीस. म्हणाले, "सुमनताई, निबंध पूर्ण करा. म्हात्रेबाईंचं नाव पहिलं, काळ्या चौकटीत. पलटीचं पान सुरुवातीला घ्या. शोकसभेला विश्वस्त येणार आहेत, तिथंच मी खोलीला त्यांचं नाव द्या म्हणतो. अशा वेळी नाही कोण म्हणेल?" मग ते हळूच म्हणाले, "शेवटी त्यांनाही पटलंच असतं."

खरं सांगू? मला हो म्हणायचं होतं. टाकी राहिली असती. तुझं नाव दारावर लागलं असतं. आणि मला वाटतं ते खरं ठरलं असतं. खोडायला आता तू नव्हतीस. एवढं सोपं झालं होतं सगळं, आणि त्या सोपेपणाची मला भीतीच वाटली. मी सरांना म्हटलं, दोन दिवस द्या.

काल संध्याकाळी तुझ्या घरी गेले. अजून दहावं व्हायचंय, पणती तेवतेय. तुझे यजमान, आमचे रमाकांत भावजी, ओट्यावर एकटेच बसले होते. कंपनीतून रजा घेतलेली, दाढी वाढलेली. तुझ्या जावेनं चहा आणून दिला. समोर रस्त्यावरून मार्केटचे ट्रक जात होते. मग मीच विचारलं. म्हटलं, भावजी, मंगळवारी ती मला फोन करून म्हणाली, मी एक ठरवलंय. तुम्हाला काही बोलली?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला नाय सांगितलं?"

"उद्या सांगते म्हणाली."

"फोन ठेवला आनि हसत बसली व्हती," भावजी म्हणाले. "मी इचारलं, काय झालं? तर बोलली का, सुमीला मी हां बोलनार. तिला घालू दे ती पलटी. तिला खरं वाटतंय ना, मग मी कोन अडवनार? फक्त माझं नाव काढ बोलनार. तुझं एकटीचं ठेव. खोली बी वाचंल आनि माझ्या जिवाला पन टोचनी नाय." ते थांबले. "मी बोललो, अगं येवढी वरसं घातलीस त्या टाकीपाठी, नाव काढतेस? तर बोलली, सुमी ऐकून मला टाकीतच बुडवंल उद्या. आनि हसली."

आता गं बया! मी ओट्यावर बसल्या बसल्या हंबरडा फोडला. बुधवारी रडले नव्हते, स्मशानाबाहेर उभी होते तेव्हा रडले नव्हते, काल रडले. भावजी घाबरून उठले, तुझी जाऊ बाहेर धावली. बुडवलंच असतं गं तुला! केस धरून बुडवलं असतं! नाव काढ म्हणे! चिंच-मिठानं पत्रे घासताना तुझ्या हाताची सालं निघाली होती. तू बाळंतपणाच्या रजेतून पोराला आईकडे ठेवून थर्माकोल कापायला यायचीस. आणि माझं एकटीचं नाव? ही तुझी दिलदारी की तुझा हट्ट, मला अजून कळत नाही. दोन्ही असणार. तुझं सगळं नेहमी एकत्रच यायचं.

रात्रभर तळमळले नाही, खोटं कशाला सांगू. दमून मेल्यासारखी झोपले. पण सकाळी उठले तेव्हा डोकं साफ होतं आणि भयंकर राग आला होता. तुझ्यावर, सरांवर, त्या शिरेवर, सगळ्यांवर.

ऐक आता. सर म्हणतात ते करायचं तर जे तुला नको होतं त्यावर तुझंच नाव पहिलं लागतं, आणि तू मेलीस म्हणून ते लागतं. ते मी करणार नाही. तू म्हणालीस ते करायचं तर टाकी माझ्या एकटीची होते, खोली वाचते, पलटी राहते, आणि त्याला तुझी परवानगीसुद्धा आहे. मला पाहिजे ते सगळं मिळतं, फक्त तू सोडून.

आणि पलटीबद्दल सांगते, माझं मत बदललेलं नाही. मला अजूनही वाटतं ती खरी होती. फटीनं काही झालं नाही, पाणी आपल्या मनानं फिरलं. तू समोर असतीस तर आत्ता टेबलावर हात आपटून म्हटलं असतं. पण तू म्हणायचीस, पुन्हा उलटू दे, मग बोलू. त्या 'बोलू' मध्ये आपण दोघी होतो ना गं? भांडण अर्धं राहिलंय. अर्ध्या भांडणाचा निकाल मी एकटीनं, तुझी पाठ वळल्यावर लावू? एवढी काही मी हलकट नाही.

म्हणून आज दुपारी निबंध पुरा केला. पलटीचं पान काढलं. तुझ्यासारखं खोडलं नाही, अख्खं पानच काढलं. उरलं ते उष्णतेचं मोजमाप, तुझं चोख काम, ज्यात कुणाला बोट घालायला फट नाही. वर नावं दोन. पहिलं तुझं, काळी चौकट नाही. साधं, बाकी लोकांची असतात तसं. चौकट घातली की लोक मान खाली घालून वाचतात, आणि तुझं काम मान वर करून वाचावं असं आहे.

सरांना नेऊन दिला. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. "आणि ते पान?" "ते त्यांना मान्य नव्हतं." "पण सुमनताई, मग खोली..." मी म्हटलं, "माहीत आहे, सर." सर म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत टाकी चालू ठेवा, पुढचं माझ्या हातात नाही. मी मान डोलावली आणि बाहेर आले. खोली जाणार, देवकी. तुझ्या-माझ्या टाकीच्या जागी कॉम्प्युटर येणार. रडू आलं नाही. फक्त जिन्याचा कठडा धरून उतरले.

तर असं आहे. तुझी शेवटची इच्छा मी मोडलीय. तू नाव काढ म्हणालीस, मी पहिलं ठेवलं. तू पलटी घाल म्हणालीस, मी काढून टाकली. तू खोली वाचव म्हणालीस, मी घालवली. एकही गोष्ट तुझी ऐकली नाही, भवाने, एकही नाही.

आता बोल की. जिन्यात उभी राहून सगळ्यांसमोर बोल. अगं, एवढं सगळं तुझ्या मनाविरुद्ध केलंय मी, देवकी, आता तरी भांड.